गावाकडचं घर लावायचं तर ओसरीपासून

सातारच्या डोंगराकडच्या मेढ्याच्या पावसाळी हवेत बनवलेला पलंग सांगलीकडच्या कोरड्या आटपाडीला नेला की पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या फळ्या तडकतात. आटपाडीत वर्षानुवर्षं बिनतक्रार वापरलेली सुती नवारीची (रुंद विणलेल्या पट्टीची) बाज मेढ्याला नेली, तर श्रावणापर्यंत तिच्यावर बुरशी चढते. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. म्हणून सामानाची यादी करण्याआधी आपलं घर कुठल्या पट्ट्यात आहे ते बघा.

जावळी, महाबळेश्वर, पाटण, शिराळ्याचा डोंगराकडचा भाग इथं खरा शत्रू ओल. फोमच्या गाद्या, कापडी सोफा, भुसा दाबून केलेल्या फळ्यांची कपाटं यांतलं काही तिथं नेऊ नका. कृष्णा-वारणेच्या काठावर म्हणजे वाळवा, पलूस, मिरज भागात प्रश्न पुराचा. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर चढलं होतं ते गल्लीत कुणालाही विचारा, भिंतीवर खूण करा, आणि बटणांचे बोर्ड व भिंतीत पक्की बसवलेली लाकडी कामं त्या खुणेच्या वरच ठेवा. खालचं सगळं सामान दोन माणसांना उचलून माळ्यावर नेता आलं पाहिजे. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडे धुरळा आणि कोरडी उष्णता. नक्षीकाम, खाचाखोचा, जाड पडदे तिथं फक्त धूळ साठवतात.

पट्टा कुठलाही असो, वस्तू घेताना तीन गोष्टी तपासा: ती उचलता येते का, ओल्या फडक्यानं पुसता येते का, आणि मोडली तर गावातला सुतार किंवा लोहार ती दुरुस्त करू शकतो का. तिन्हींना ‘नाही’ असेल तर ती वस्तू शहरातल्या फ्लॅटमध्येच बरी.

ओसरी

शहरातला माणूस गावचं घर लावायला घेतो तेव्हा आधी बेडरूम सजवतो. गावात दिवस जातो ओसरीत. पाहुणा तिथंच टेकतो, शेंगा तिथंच फोडल्या जातात, आणि सुगीत भुईमुगाची नाहीतर हळदीची पोती आली की तीच ओसरी तासाभरात मोकळी करावी लागते. म्हणून इथं जड, न हलणारं काही नको.

सगळ्यात आधी पाय धुण्याची सोय. पायरीच्या बाजूला दोन फूट बाय दोन फूट खडबडीत दगड, त्याला बाहेरच्या बाजूला इंचभर उतार, आणि वर गुडघ्याच्या उंचीवर नळ. घासून गुळगुळीत केलेली फरशी तिथं लावू नका, पावसाळ्यात शेवाळ धरून माणूस पडतो. दारापाशी घडवंचीवर पाण्याचा माठ आणि तांब्या. एवढं झालं की मग बसायचं बघायचं.

बाकासाठी मापं अशी धरा. लांबी ६ फूट, बैठक साधारण दीड फूट खोल, जमिनीपासून उंची १७ इंच. बैठकीला ६ इंच रुंद आणि सव्वा इंच जाड अशा तीन फळ्या, दोन फळ्यांमध्ये पाव इंचाची फट. ही फट विसरू नका. पावसाळ्यात लाकूड रुंदीला फुगतं, फट नसेल तर फळ्या एकमेकींना रेटून वर उचलतात. पाय ३ बाय ३ इंच, खालच्या पट्ट्या ३ बाय दीड इंच. सांधे साल-कुसवाचे, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले, वरून बांबूच्या खुंट्या. नुसते खिळे ठोकलेला बाक दोन वर्षांत डुगडुगतो.

लाकडाचा हिशेब दुकानात घनफुटात होतो: लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार, भागिले १४४. वरच्या बाकाला तयार लाकूड पावणेदोन घनफूट लागतं. कापणीत आणि रंध्यात चौथाई जातं, म्हणून सव्वादोन मागवा. सुतार चार सांगत असेल तर त्याच्यासमोर हा गुणाकार करा.

झोपाळा हवाच असेल तर पाट ५ फूट बाय २ फूट, दीड इंच जाड, बैठकीची उंची दीड फूट. पुढं-मागं प्रत्येकी तीन फूट आणि बाजूंना किमान एक फूट जागा सोडा. तीन माणसं बसली की वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास जातं आणि हेलकाव्यात कड्यांवर त्याहून जास्त ताण येतो. जुन्या तुळईवर टांगण्याआधी तिला हातोडीनं ठोकून बघा. बद्द आवाज आला किंवा टोचा सहज आत शिरला तर आतून वाळवीनं खाल्लेली आहे, तिथं झोपाळा नको. तुळई चांगली असेल तर कडी स्क्रूनं न लावता १६ मिलिमीटरची सळई आरपार घालून वर जाड पट्टी आणि दोन नट लावा. स्लॅबचं घर असेल तर हूक स्लॅब ओततानाच सळईत अडकवलेला असावा लागतो. नंतर छताला भोक पाडून ठोकलेल्या फास्टनरवर माणसं झुलवू नका. त्यापेक्षा दोन भिंतींच्या मध्ये लोखंडी पाइप बसवून त्याला टांगा.

लाकूड कुठलं

साग सगळ्यांना माहीत आहे. खिसा कमी असेल तर बाभूळ घ्या. माणदेशात औतं आणि गाडीची कामं याच लाकडाची होत आली आहेत. अडचण एकच, बाभळीच्या पांढरट कडेला भुंगा फार लवकर लागतो. ओंडका कापल्यावर दोन-तीन महिने तळ्यात बुडवून ठेवायची जुनी रीत याच्यासाठीच होती: पाण्यात लाकडातलं पिठूळ अन्न निघून जातं आणि भुंग्याला खायला उरत नाही. तेवढा वेळ नसेल तर पांढरी कड पूर्ण कापून टाका आणि नुसता लालसर गाभा वापरा. कापलेल्या फळ्या सावलीत, मध्ये इंचाच्या पट्ट्या घालून रचा. इंचभर जाडीला वर्षभर हा सुकवणीचा साधा अंदाज.

स्वतःच्या बांधावरचं झाड असलं तरी साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ तोडायला १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली आधी परवानगी लागते. लाकूड गाडीत भरल्यावर कागद शोधत बसण्यात अर्थ नाही.

पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान आणि शिसव मिळालं तर त्याला तोड नाही, ते जितकं आकसायचं तितकं आकसून झालेलं असतं. घेताना प्रत्येक नगावर लोहचुंबक फिरवा. आत राहिलेला एक खिळा करवतीचं पातं घालवतो आणि त्याचे पैसे तुमच्याच बिलात येतात. बारीक भोकं दिसली म्हणून लगेच नाकारू नका. लाकूड काळ्या कागदावर दोन दिवस ठेवा; पिवळसर पिठी पडली तर कीड जिवंत आहे, नाही पडली तर भोकं जुनी. जिवंत कीड असलेल्या पण बाकी धडधाकट लाकडाला १० लिटर कोमट पाण्यात ३६० ग्रॅम बोरॅक्स आणि २४० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवून ब्रशनं दोन-तीन हात द्या. हे औषध पावसात धुऊन जातं, म्हणून ते घरातल्याच सामानाला. लावताना हातमोजे घाला, आणि पाटावर, पोळपाटावर चुकूनही नको.

वरून काय लावायचं? लाखेचं फ्रेंच पॉलिश दिसतं देखणं, पण त्यावर ओला तांब्या ठेवला की पांढरा डाग पडतो. जाड वॉर्निश ओसरीत उन्हानं पापुद्रे धरतं आणि मग सगळं खरवडावं लागतं. गावच्या घराला जवसाचं तेल बरं. हार्डवेअरच्या दुकानात ‘डबल बॉइल’ म्हणून मिळतं. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या, एक दिवस वाळू द्या, मग नुसत्या तेलाचे दोन हात. पुसलेलं नाही तर लाकूड महिनाभर चिकट राहतं आणि सगळी धूळ धरतं. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

बाज

पलंगापेक्षा बाज या घरांना जास्त शोभते, असं आमचं स्पष्ट मत आहे. दिवसा उभी केली की खोली मोकळी, उन्हाळ्यात अंगणात नेता येते, खालून वारा लागतो आणि ढेकूण झाले तर उन्हात टाकता येते. बाजारात नळीची लोखंडी बाज स्वस्त मिळते, पण डोंगरपट्ट्यात तिचे सांधे दोन पावसाळ्यांत गंजतात.

मापं: आतून ६ फूट बाय ३ फूट, पाय ३ इंच चौकोनी आणि दीड फूट उंच. पायाला दोन बाजूंनी दांडे येतात. दोन्हींची भोकं एकाच उंचीवर पाडली तर पाय मधून पोखरला जातो आणि तिथंच फाटतो. म्हणून आडवा दांडा लांबीच्या दांड्यापेक्षा इंच-दीड इंच खाली किंवा वर घ्या. चौकट जोडली की दोन्ही कर्ण मोजा. पाव इंचापेक्षा जास्त फरक असेल तर विणायला बसू नका, विणल्यावर तो काढता येत नाही आणि बाज एका पायावर डुलत राहते.

नवार ३ इंची घ्या. डोक्याकडून पायथ्याकडे १२ पट्टे, आडवे २० पट्टे, दांड्यांवरचे वेढे आणि विणीत खपणारं धरून ४५ मीटर होतात. ५० आणा. पायथ्याच्या ताणासाठी बोटभर जाड सुती दोरी १० मीटर, आणि इंचभर जाडीचा एक गुळगुळीत दांडका, बाजेच्या आतल्या रुंदीपेक्षा थोडा आखूड.

पायथ्याच्या दांड्यापासून १० इंच आत हा दांडका सुतळीनं तात्पुरता बांधा. उभे पट्टे पायथ्याच्या दांड्यावरून न नेता या दांडक्यावरूनच परतायचे. डोक्याकडच्या दांड्याला नवारेचं टोक गाठ मारून सुरू करा, दांडक्याला वळसा, परत डोक्याकडे, असे बारा पट्टे शेजारी-शेजारी. या वेळी जोर लावून ओढू नका, सगळ्यांचा ताण सारखा असणं महत्त्वाचं. मग डोक्याकडून आडवे पट्टे घ्या, एक वर एक खाली, पुढच्या ओळीत उलट. प्रत्येक ओळ झाली की लाकडी फळीच्या कडेनं ठोकून आधीच्या ओळीला भिडवा. शेवटची ओळ दांडक्याजवळ आली की तात्पुरती सुतळी सोडा, आणि पायथ्याचा दांडा व दांडका यांच्यामध्ये दोरीचे बारा-तेरा वेढे घेत ओढत जा. बाजेचा सगळा ताण या दोरीत असतो.

नवी बाज पहिल्या रात्रीनंतर सैल पडते, ती विणीची चूक नव्हे. दुसऱ्या दिवशी दोरी ओढा, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. ओढून ओढून दांडका पायथ्याला टेकला की मात्र नवार उसवून पुन्हा विणायची वेळ आली. दहा इंच जागा त्यासाठीच सोडलेली असते, पाच इंचच सोडणारे लवकर फसतात.

पावसाळी पट्ट्यात सुती नवारीऐवजी घायपाताच्या वाखाची दोरी वापरली तर बुरशी उशिरा लागते. पण वाखाची दोरी ओली झाली की आखडते. कडक उन्हात ताणून विणलेली बाज जुलैत चौकटीला पीळ पाडते. तिथं ताण थोडा कमीच ठेवा.

अंथरूण

बाजेवर जाड गादी टाकली की तिचा खालून वारा घेण्याचा गुणच गेला. वाकळ पुरे. सहा बाय चार फुटांची, आत जुन्या सुती लुगड्यांचे चार-पाच थर. नायलॉनच्या साड्या आत घातल्या तर थर सरकून गोळे होतात आणि घामही शोषला जात नाही. त्या वरच्या कापडाला रंगासाठी ठीक. पाच थरांपेक्षा जाड वाकळ ओली झाल्यावर एका माणसाला पिळता येत नाही, म्हणून वाकळी धुण्याचं काम एप्रिल-मेमध्येच उरका.

घोंगडं माणदेशात आणि जत-आटपाडी भागात घोंगडी विणणाऱ्या सणगरांकडून आणि धनगरांकडून थेट घेता येतं. लोकरीला चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळं नवं घोंगडं ताठ आणि बोचरं लागतं. गार पाण्यात रिठ्यानं एकदा धुतलं की मऊ पडतं. गरम पाणी आणि वॉशिंग मशीन दोन्हींनी लोकर आटते. कसर (लोकर खाणारी कीड) लागू नये म्हणून दोन-तीन महिन्यांनी ऊन दाखवा, घडी करताना आत कडुलिंबाचा पाला. जमिनीवर अंथरायला, बाकावर टाकायला आणि थंडीत पांघरायला एकच वस्तू चालते, मग गालिचा कशाला?

भिंती, खुंट्या, फडताळ

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट, ही सगळ्यात महाग चूक. आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, दुसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि भिंतीला लावलेल्या कपाटाची पाठ कुजते. मातीला मातीचाच गिलावा आणि वर चुना. कळीचा चुना आदल्या दिवशी पाण्यात विरवा, फडक्यानं गाळा, दुधाइतका पातळ करा, किंचित नीळ आणि थोडा डिंक घाला. तीन पातळ हात द्या. एकच जाड हात दिला तर अंगाला पांढरं लागत राहतं. चुना विरवताना उकळून उडतो, प्लास्टिकच्या बादलीत नको आणि डोळे सांभाळा.

अशा भिंतीत खिळा टिकत नाही. सव्वा इंच व्यासाचं, सहा इंच खोल भोक आतल्या बाजूला थोडं उतरतं घ्या, त्यात चुन्याच्या कालवणात बुडवलेली कोरड्या बाभळीची खुंटी ठोका. टोक बाहेर किंचित वर राहतं, म्हणून अडकवलेलं घसरत नाही. फडताळ, आरसा यांसारखं जड सामान भिंतीऐवजी तुळईला किंवा खांबाला टांगा. जुन्या घरात कोनाडे, देवळ्या असतील तर त्या बुजवू नका, फुकटची कपाटं आहेत ती.

उभं कपाट भिंतीपासून तीन इंच पुढं. प्लायवूडच घ्यायचं असेल तर आयएस ७१० छाप पाहून घ्या, साधं प्लाय ओलीत थर सोडतं. सारवलेल्या जमिनीवर प्रत्येक पायाखाली तळहाताएवढा सपाट दगड ठेवा. जड कपाट जमिनीत रुततं हे एक, आणि वाळवी थेट पायातून वर चढते हे दुसरं. दगड असला तर तिला त्यावरून मातीची नळी बांधत यावं लागतं आणि ती डोळ्यांना दिसते. शहाबादी फरशी असेल तर ती अ‍ॅसिडनं धुऊ नका. तो चुनखडीचा दगड आहे, पृष्ठभाग खाल्ला जातो आणि मग प्रत्येक डाग मुरतो.

स्वयंपाकघराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कडाप्प्याचा ओटा ३२-३३ इंच उंच, पाटा-वरवंट्याला जमिनीवर पक्की जागा, धान्याला झाकणाची पत्र्याची कोठी. एक गोष्ट मात्र लोक विसरतात. कौलारू घरातली चूल बंद करून गॅस आणला की वाशांना धूर मिळणं थांबतं आणि चार-पाच वर्षांत त्यांना कीड लागते. चूल बंद केली असेल तर वाशांना दोन वर्षांतून एकदा तेल द्या, नाहीतर मागच्या पडवीत पाणी तापवायचा बंब तरी चालू ठेवा.

दिवे पिवळसर घ्या, २७०० ते ३००० केल्विनचे. पांढऱ्या दिव्यावर पावसाळ्यात पाखरं जास्त येतात. ओसरीचा दिवा दाराच्या वर न लावता लांबच्या खांबाला लावा.

आणि हो, बैलगाडीचं चाक भिंतीला टांगणं, नांगराचं टेबल, दारात रंगवलेला रिकामा रांजण हे सगळं हॉटेलात बघून आलेलं. ज्या गावात औत अजून शेतात चालतं तिथं ते दिवाणखान्यात पाहून शेजारचे मामा तोंडावर काही बोलत नाहीत, एवढंच.

घर बंद करून जाताना

पुण्या-मुंबईचे बरेच लोक जूनमध्ये कुलूप लावतात ते गणपतीलाच उघडतात. या तीन महिन्यांत सामान वापरानं नाही, कोंडलेल्या हवेनं खराब होतं. निघण्याआधी वाकळी आणि घोंगडी दोन दिवस कडक उन्हात टाकून, गार झाल्यावर पत्र्याच्या पेटीत ठेवा. गरम असतानाच पेटीत घातली तर आत दव धरतं. पेटी विटांवर. कपाटांची दारं उघडी. बाक आणि पाट भिंतीपासून सरकवून खोलीच्या मध्ये. एका बाजूची वरची खिडकी जाळी लावून उघडी ठेवा, समोरच्या भिंतीतही एखादा झरोका मोकळा असू द्या. किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन महिन्यातून एकदा दारं उघडायला सांगितलं तर उत्तम. बाजा उभ्या करा, आणि भिंतीला टेकवण्याआधी पायथ्याची दोरी चार बोटं सैल सोडा. परतल्यावर पहिल्या संध्याकाळी ती पुन्हा ओढायची.